तू त्याला औषध म्हणायचीस

आत्या, परवा कोर्टात तुझ्या नावाचा पुकारा झाला. शिपायानं दारात उभं राहून आडनावासकट नाव घेतलं आणि मी सवयीनं तुला उठवायला बाजूला हात नेला. बाजूला सोनल होती. तुझी मुलगी अशा वेळी तुझ्यासारखीच वागते. तिनं माझा हात धरला आणि बाकावर ठेवून दिला. वकीलताई उठून म्हणाल्या, "अर्जदार मयत झाल्या आहेत." समोरच्या वकिलांनी मान खाली घातली. तेवढं सौजन्य त्यांच्यात आहे. न्यायाधीशांनी वारस म्हणून सोनलचं नाव लावायला सांगितलं, पुढची तारीख दिली आणि दुसरं प्रकरण पुकारलं गेलं.

त्या दिवशी तुला पुन्हा साक्षीला उभं राहायचं होतं. तुला बोलायचं होतं ते सगळं मिळून एक-दोन वाक्यांचं होतं. ती तू मला रिक्षात सांगितली होतीस. आता ती कोर्टाच्या कागदावर कधीच येणार नाहीत, म्हणून निदान इथं तरी लिहायचं ठरवलं.

आपला दावा काही गुंतागुंतीचा नव्हता. घोडबंदर रोडवरच्या त्या मोठ्या संकुलात तू ठेकेदाराकडे बागकामाला होतीस. पेव्हर ब्लॉकच्या फटींतून, भिंतीच्या कडेनं, मुलांच्या घसरगुंडीच्या बाजूनं गवत उगवायचं. ते मारायला तू वर्षानुवर्षं पाठीवर पंप घेऊन तणनाशक फवारलंस. मग तुझ्या मानेत गाठी आल्या, काखेत आल्या, आणि तपासणीत लिम्फोमा निघाला. त्या फवारणीनं हा कॅन्सर झाला असं आपण म्हणत होतो. ठेकेदार म्हणत होता की बाई झाडू मारायला होती, फवारणीशी तिचा संबंध नव्हता, आणि असलाच तरी आजाराशी नव्हता.

आपल्या घरात पत्रकं माझ्या आधी आली. बाबा कल्याणला छापखान्यात कामाला होते आणि पालिकेच्या सफाई कामगारांपासून चाळीच्या नळापर्यंत प्रत्येक भांडणाचं पत्रक आपल्या कोपरीच्या खोलीत जन्माला यायचं. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाआधी वाचता यायचे. तू उंबऱ्यात बसून पत्रकांना घड्या घालायचीस आणि घड्या घालता घालता बाबांना टोमणे मारायचीस.

"दादा, तुमच्या पत्रकात माणूस एक तर उपाशी असतो, नाही तर मेलेला असतो. जेवून झोपलेला माणूस कधी छापणार?"

"जेवून झोपलेल्याला पत्रक लागत नाही."

"मग मला नका देऊ वाटायला. मी जेवलेय."

तरी सकाळी स्टेशनाबाहेर तूच वाटायचीस. मला 'पुढारीणबाई' हे नाव तूच ठेवलंस. मी पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा तू ते पूर्ण वाचून म्हणालीस, "चांगलं आहे. पण हे असं बोलतं कोण?" त्या प्रश्नाचं उत्तर मी तुला दिलं नाही. आपलं पुढचं सगळं भांडण त्याच प्रश्नाचं होतं हे मला आता कळतंय.

तुला पंप मिळाला त्या दिवशी तू पेढे आणलेस. आधी खुरपं घेऊन उकिडवं बसायचं काम होतं, गुडघे गेले होते. आता उभ्यानं काम. संकुलातली पोरं तुला 'स्प्रेवाली आंटी' म्हणायला लागली. त्यांच्या आया दिवाळीला फराळाची पिशवी द्यायच्या. पंप पाठीला लावून तू चालायला लागलीस की एकदम कोणीतरी झालेली वाटायचीस. मी एकदा तुला भेटायला तिकडे आलेले, तेव्हा तू मला लांबूनच हातानं थांबवलंस, भिंतीकडची उरलेली कड संपवलीस आणि मगच बोललीस. तुझं ते काम होतं आणि तू ते नीट करत होतीस. हे मला विसरायचं नाही, कारण दाव्याच्या कागदांत ते कुठंच नाही. तिथं तू फक्त 'बाधित कामगार' आहेस.

आणि तो कॅन. फवाऱ्याचा रिकामा कॅन तू धुऊन घरी आणलास आणि मोरीत पाणी भरायला ठेवलास. घट्ट झाकणाचा, चांगला, टाकवेना. वकीलताईंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. अर्ध्या फाटलेल्या लेबलवर तणनाशकाचं नाव वाचता येत होतं, म्हणजे काय फवारलं त्याचा पुरावा मिळाला. मला मात्र आठवलं की त्या पाण्यानं आपण सगळ्यांनी तोंड धुतलंय. पुढे समोरच्या वकिलांनी तोच कॅन उलटा फिरवला: "कॅन घरी न्यायला कोणी सांगितलं होतं? म्हणजे घरातच संपर्क आला असेल." एकाच कॅनवर दोघांचं काम भागलं. तू मला म्हणालीस, "बघ, मी म्हटलेलं ना, टिकाऊ आहे म्हणून."

खरी गडबड त्याआधीच झाली होती, दवाखान्यात. तिथला तरुण डॉक्टर मराठी नव्हता. त्यानं विचारलं, काम काय करता. तू म्हणालीस, "औषध मारते." त्याला 'मारते' कळलं नाही. "दवा?" त्यानं विचारलं. "हां, दवा. दवा का काम है," तू म्हणालीस, आणि तुझ्या केसपेपरवर लिहिलं गेलं की रुग्ण औषधांच्या दुकानात काम करते. घरी आल्यावर आपण किती हसलो. बाबा चार दिवस तुला 'मेडिकलवाली' म्हणत होते, डोकेदुखीची गोळी मागत होते. आजाराचं नाव तेव्हा अजून कळलेलं नव्हतं, त्यामुळे हसता येत होतं. दावा लावला तेव्हा वकीलताईंनी तो पेपर वाचला आणि कपाळाला हात लावला. आजार झाल्यावर माणसानं पहिल्यांदा डॉक्टरला काय सांगितलं, याला कोर्टात वजन असतं. तुझ्या पहिल्या कागदावर फवारणी नव्हतीच. तिथं एक बाई काउंटरमागे बसून खोकल्याची बाटली विकत होती.

मग आपण मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते सज्जन होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तुझे हात बघितले, पंप गळायचा का विचारलं. म्हणाले, "काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. तुमच्या बाबतीत हेच कारण, असं मी खात्रीनं लिहू शकत नाही. कारणांपैकी हे एक असू शकतं, इतकं लिहितो."

मी भडकले. 'असू शकतं' हे क्रियापद मी घरात कधी ऐकलंच नव्हतं. आमच्या पत्रकांत गोष्टी एक तर असतात, नाही तर नसतात. मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, बाई मरायला टेकलीय आणि तुम्ही 'असू शकतं' म्हणता." तू माझ्या पाठीत चापट मारलीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "तो खरं बोलला. खरं बोलणाऱ्यावर का चिडतेस? आणि मी कुठं टेकलेय, मी तर चालतेय."

वकीलताईंनी नंतर मला समजावलं की कोर्टाला शंभर टक्के खात्री लागत नाही, कुठलं पारडं जड आहे ते बघतात. काय फवारलं, अंगावर किती आलं, आणि त्यानं हा आजार होतो का, या तीन गोष्टी एकापुढे एक ठेवायच्या. पहिलीला कॅन होता. तिसरीला डॉक्टरांचं 'असू शकतं' होतं. मधली गोष्ट तू स्वतः सांगणार होतीस. म्हणून सगळं तुझ्या साक्षीवर आलं होतं, आणि म्हणून मी तुझ्यामागे लागले होते.

मी तुला म्हणायचे, विष म्हण. कोर्टात उभी राहिलीस की औषध हा शब्द तोंडातून काढू नकोस. ठेकेदारानं तुम्हाला औषध म्हणून विष दिलं, या एका शब्दात सगळा गुन्हा आहे. मी पत्रकसुद्धा लिहून ठेवलं होतं, तुझ्या नावानं, 'मी विष फवारत होते' या मथळ्याचं. तू ते सोनलच्या डोंबिवलीच्या घरी माझ्याकडून वाचून घेतलंस. केमो सुरू होती, डोक्याला रुमाल होता. ऐकून झाल्यावर आधी म्हणालीस, "ठेकेदाराच्या मुकादमाला राक्षस का लिहिलंस? त्याची आई माझ्याकडे चहा प्यायला यायची." मग म्हणालीस, "माझ्या नावानं हे छापायचं नाही."

"का?"

"कारण मी विष नाही मारलं. औषध मारलं."

"आत्या, ते विषच होतं."

"असेल. तुला आता माहितेय. मला तेव्हा माहीत नव्हतं. मग शपथ घेऊन मी कसं सांगू?"

"तुला माहीत होऊ दिलं नाही, हाच तर त्यांचा गुन्हा आहे."

"तो तू सांग. तुला सांगता येतो." आणि मग खिडकीकडे बघत, "मी विष म्हटलं तर ते कोणी टाकलं? मुकादम काय पंप घेऊन फिरत नव्हता. घसरगुंडीखाली मी टाकायचे. पोरं माझ्या मागून अनवाणी पळायची, मी त्यांना हाकलायचे पण ती यायची. उद्या त्यातल्या एकाला काही झालं, तर त्याची आई म्हणेल, त्या बाईनंच कोर्टात सांगितलंय मी विष टाकलं म्हणून."

मी म्हटलं की दोष तुझा नाही. तू म्हणालीस, "दोष कोणाचा ते तुम्ही ठरवा. पंप माझ्या पाठीवर होता."

त्यावर मी आवाज चढवला. सोनलनं मला स्वयंपाकघरात नेऊन कांदे चिरायला बसवलं. ते भांडण तिथंच राहिलं. नंतर आपण दोघींनीही ते उकरलं नाही. आपल्याला वेळ आहे असं मला वाटलं होतं.

साक्षीच्या दिवशी तू पांढरी साडी नेसून आलीस, चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायचीस ती. वकीलताईंनी विचारलेलं सगळं तू सरळ सांगितलंस. मग उलटतपासणी झाली. समोरचे वकील अगदी हळू बोलले. त्यांनी आवाज चढवला असता तर तूही चढवला असतास, हे त्यांना कळलं असावं.

"आजी, तुम्ही फवारत होतात म्हणता, त्याला काय म्हणायचात?"

"औषध."

"कशाचं औषध?"

"गवताचं."

"गवत चांगलं व्हायला?"

तू हसलीस. "नाही साहेब, मरायला."

"पण म्हणायचात औषध. विष असं कधी म्हटलंत? मुकादमाला, घरी, कोणाला?"

"नाही."

"विष वाटलं असतं तर हातात घेतलं असतंत?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला ते विष वाटत नव्हतं."

"तसं मला कोणी सांगितलं नव्हतं," तू म्हणालीस.

कोर्टात प्रश्न टिपत नाहीत, उत्तर टिपतात, आणि तेही पूर्ण वाक्य करून. टाइप करणाऱ्या बाईंनी लिहिलं: 'मी त्यास औषध म्हणत असे. ते विष आहे असे मला कधी वाटले नाही.' त्यात खोटं असं काही मिसळलेलं नव्हतं. तरीही ते वाचताना असं वाटत होतं की एका बाईनं अनेक वर्षं निरुपद्रवी पाणी शिंपडलं आणि म्हातारपणी उगाच तक्रार केली. तू वाचून सही केलीस. मी मागच्या बाकावर बसून दात खात होते.

कोर्टातून आपण रिक्षानं निघालो. कोपरीच्या पुलाशी गर्दीत अडकलो तेव्हा एकदम म्हणालीस, "अगं, उंदराला घालतो त्यालाही आपण औषधच म्हणतो की. ढेकणाचं औषध काय ढेकूण बरा व्हायला मारतात? तिथं सुचलंच नाही बघ."

रिक्षावाला आरशात बघून हसला. "बरोबर बोललात, मावशी."

"तू समोर बघ," तू त्याला म्हणालीस.

मी तिथूनच वकीलताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, फेरतपासणीचा अर्ज देते, हे त्यांना पुन्हा बोलू दे. अर्ज मंजूर झाला. तारीख मिळाली. तुला ताप आला, रक्तातल्या पेशी उतरल्या, तू पुन्हा दवाखान्यात गेलीस आणि घरी आला तो तुझा देह, सोनलच्या सहीवर.

मी वकीलताईंना विचारलं, रिक्षातलं ते वाक्य मी साक्षीत सांगितलं तर? त्या म्हणाल्या की गेलेल्या माणसानं भाचीला रिक्षात काय सांगितलं, त्याचा काही उपयोग होत नाही. वाक्य सोड, पंप डोळ्यांनी बघितलेलं माणूस आण. मुकादमाचे लोक येणार नाहीत, त्यांना अजून तिथंच काम करायचंय. दुसरं कोण होतं?

बाबांनी ताराबाईंचं नाव घेतलं. तुझ्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. पंप येण्याआधी खुरपं घेऊन तुझ्या बाजूला बसायच्या त्या. तू गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्या आल्या होत्या हेही बाबांनी सांगितलं. बुद्धवंदना होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या आणि खीर न घेता गेल्या.

काल मी त्यांच्याकडे कळव्याला गेले. त्या भाजी निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं तर म्हणाल्या, "माहितेय. पुढारीण." म्हणजे तू त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतंस, तुमचं दोघींचं बोलणं बंद व्हायच्या आधी.

मी पंपाबद्दल विचारलं. त्यांनी आधी दुसरंच सांगितलं.

"पंप आला तेव्हा ती पुढं फवारायची आणि आम्ही मागून वाळलेलं गवत गोळा करायचो. मग मुकादमाला वाटलं, झाडूवाला पण गोळा करेल की. आम्हाला सगळ्यांना एका दिवशी नको म्हणाला. तुझी आत्या तिथंच उभी होती. पंप पाठीवर होता. एक शब्द बोलली नाही."

मी विचारलं, बोलून काही झालं असतं का.

"काही झालं नसतं. पण बोलायचं ना." त्यांनी मेथीच्या काड्या बाजूला केल्या. "तुमच्या घरात एवढी पत्रकं. आमच्यासाठी एक तरी निघालं?"

निघालं नव्हतं. मी तसं सांगितलं.

मग त्या पंपाबद्दल बोलल्या, न विचारता. झाकणाचा वायसर, म्हणजे रबरी चकती, गेला होता. वाकलीस की औषध मानेवरून खाली यायचं आणि ब्लाऊज पाठीला चिकटायचा. त्यांनी तुला प्लास्टिकची पिशवी फाडून पाठीला लावून दिली होती, पण घामानं चुरचुरायचं म्हणून तू ती काढून टाकायचीस. मुकादमाला वायसर मागितला तर तो म्हणायचा, औषध आहे ते, अंगाला लागून काही होत नाही. वकीलताईंना हवी होती ती मधली गोष्ट हीच. मी काही लिहून घेतलं नाही, नुसती ऐकत राहिले.

बोलता बोलता त्यांनी मान पुढे केली. "इथं हात लावून बघ जरा. काही लागतंय का?"

मी म्हटलं, मावशी, मला त्यातलं कळत नाही. आपण डॉक्टरकडे जाऊ. त्या म्हणाल्या, डॉक्टरकडे नंतर, तू बघ. मी हात लावला. मला काही लागलं नाही. मी पुन्हा म्हटलं की मला त्यातलं कळत नाही. सोमवारी सोनल त्यांना तपासायला घेऊन जाणार आहे.

निघताना त्यांनी विचारलं, "कोर्टात त्याला काय म्हणायचं? तुम्ही लोक विष म्हणता ना?"

आत्या, तू असतीस तर माझ्याकडे बघत राहिली असतीस. मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा जे म्हणायचात तेच म्हणा."

"मग औषधच. आणि मी आमचं पण सांगणार. ती गप्प राहिली ते. चालेल तुला?"

"सांगा," मी म्हटलं.

त्या येणार आहेत. तुझ्याविषयी गोड बोलणार नाहीत आणि मी त्यांना तसं शिकवणार नाही. माझ्या पत्रकात तू अगदी निर्दोष होतीस, म्हणूनच तुला ते स्वतःचं वाटलं नसावं. पुढच्या तारखेला ताराबाईंच्या बोलण्यातून कोर्टात उभी राहील ती पंप मिळाला म्हणून पेढे वाटलेली बाई, मैत्रिणींची कामं गेली तेव्हा तोंड न उघडलेली, पाठ ओली असतानाही कड पूर्ण करून मगच थांबणारी. एवढं सगळं ऐकून झाल्यावरही त्या ठेकेदाराला सांगावंच लागेल की झाकणाचा वायसर त्यानं का दिला नाही.